रिव्हॉल्व्हरमधल्या फटी, रेषा आणि खेळ : दोष कोणता आणि दिसण्यापुरते काय

नवे रिव्हॉल्व्हर घेतलेल्या परवानाधारकांकडून पुण्यात वारंवार ऐकू येणारी तक्रार साधारण अशी असते : फ्रेम (शस्त्राचा मुख्य सांगाडा) आणि बाजूची झाकणपट्टी यांच्या जोडावर फट दिसते, सिलिंडरवर (काडतुसे भरायच्या फिरत्या भागावर) गोल रेषा उमटली आहे, बोटाने हलवले की सिलिंडर किंचित हलतो, बॅरल (नळी) आणि फ्रेमचा रंग जुळत नाही, तेव्हा वस्तू नीट बनलेली नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने एखादा स्क्रू जास्त आवळला जातो, कुठेतरी कानस फिरते, काही दिवस समाधान वाटते, आणि पुढच्या सरावात सिलिंडर अडकू लागतो. साफ केल्यावर तो मोकळा होतो, काही फैरींनंतर पुन्हा अडकतो, आणि दोष मात्र पहिल्या दिवशी दिसलेल्या त्या फटीलाच दिला जातो.

भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत टूलरूममध्ये किंवा तपासणी विभागात आयुष्य घालवलेली माणसे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा डोळा अशा बाबतीत तयार असतो. अडचण अशी की तो डोळा बेअरिंगच्या बैठकीवर किंवा हायड्रॉलिकच्या स्पूलवर तयार झालेला असतो, आणि तेथला निकष रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक जोडाला लावला की निर्णय चुकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काही पृष्ठभाग भागाची जागा ठरवतात, काही पृष्ठभाग भार घेतात, आणि बाकीचे केवळ आतली पोकळी झाकतात. समोरची फट यांपैकी कोणत्या पृष्ठभागावर आहे हे कळल्याशिवाय ती किती रुंद आहे याला काही अर्थ नाही. तपासणीचा सगळा क्रम या एका प्रश्नावर उभा आहे.

मोजण्याआधी

शस्त्र रिकामे आहे हे सिलिंडरच्या सहाही घरांत, म्हणजे काडतुसांच्या भोकांत, डोळ्याने पाहून आणि बोटाने चाचपून ठरवावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, आणि मध्ये उठून जावे लागले तर परत आल्यावर पुन्हा पाहावे. तपासणी रिकाम्या घरांवर किंवा डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांवरच करावी. खाली काही ठिकाणी भरलेल्या सिलिंडरचा उल्लेख येईल. तेथेही घरी डमी काडतुसेच वापरायची आहेत आणि खऱ्या काडतुसांवरचे निरीक्षण फक्त रेंजवर, तेथल्या प्रशिक्षकासमोर करायचे आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर आहे आणि चालवणारा कारागीर निष्णात आहे, एवढ्यावर सिलिंडर तेथे नेणे हा गुन्हा ठरतो. मालकाने पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे आणि साफ करावे; धातू काढणे किंवा वाकवणे हे काम परवानाधारक गनस्मिथचे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, किंवा निर्मात्याचे आहे.

फट रुंद का दिसते

पांढरा कागद मागे धरून दिव्यासमोर पाहिले तर ०.१ मिलिमीटरची फटदेखील ठळक दिसते, कारण डोळा तेथे रुंदी पाहत नसतो, उजेड पाहत असतो. शिवाय दोन भागांच्या कडा किंचित मारलेल्या असतील, म्हणजे त्यांना बारीक चॅम्फर असेल, तर वरून दिसणारी रेघ ही दोन चॅम्फरची मिळून झालेली रुंदी असते आणि खाली प्रत्यक्ष जोड घट्ट बसलेला असू शकतो. याची खात्री करणे सोपे आहे. फीलर गेजचे, म्हणजे फटी मोजायच्या पात्यांच्या संचातले, सर्वांत पातळ, ०.०५ मिलिमीटरचे पाते त्या रेघेत हलक्या हाताने ठेवून पाहावे. ते वरच थांबले, आत शिरले नाही, तर दिसते ती केवळ कडा आहे.

फिनिश देण्याआधीचे पॉलिशिंग जास्त झाले तरी हेच घडते. बफिंगच्या चाकाखाली कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांभोवती उथळ खळगा पडतो, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि जोडाची रेघ पसरट दिसू लागते. जुन्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोड शोधूनही सापडत नाही याचे कारण असे की झाकणपट्टी फ्रेममध्ये हाताने बसवून मग दोन्ही एकत्र पॉलिश केलेली असत. आज भाग स्वतंत्रपणे यंत्रावर बनतात आणि कोणतीही पट्टी कोणत्याही फ्रेमला बसावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे ड्रॉइंगमध्येच थोडी मोकळीक ठेवलेली असते. कारागिरीची नजाकत कमी झाली हे मला मान्य आहे आणि त्याचे वाईटही वाटते; पण ती पट्टी सिलिंडर किंवा बॅरलची जागा ठरवत नाही, त्यामुळे तिची रेघ नेमबाजीत बदल करत नाही. ती रेघ बुजवण्यासाठी स्क्रू अधिक आवळू नये. काही रचनांमध्ये त्याने आतल्या भागांवर दाब येतो आणि चाप जड होतो, आणि पट्टीच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटणे तर कधीही करू नये.

रंगाचेही तसेच आहे. गरम क्षारांच्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोलादावर निळसर-काळा थर चढवतात, आणि तो रंग मिश्रधातूच्या घटकांवर, भागाच्या कठीणपणावर आणि द्रावणाच्या तापमानावर ठरतो. त्यामुळे एकाच द्रावणातून निघालेले सिलिंडर आणि फ्रेम वेगळ्या छटेचे असू शकतात. एखादा भाग जांभळटही दिसतो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेल्या, सुमारे ५०० ग्रॅम वजनाच्या ‘निर्भीक’सारख्या शस्त्रात टायटॅनियमचा मिश्रधातू वापरलेला आहे, आणि टायटॅनियमवर पोलादाचा हा थर चढतच नाही, तेव्हा तेथे छटा जुळण्याची अपेक्षाच ठेवू नये.

सिलिंडरच्या अंगावरची गोल रेषा आणि पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळे यांचाही येथेच निकाल लावता येतो. सिलिंडर रोखणारा स्टॉप खाचेत पडण्यापूर्वी पृष्ठभागावरून घासत जातो, त्यातून रेषा उमटते. कारखान्यात चाचणीच्या फैरी झाडलेल्या असतात, त्यातून वर्तुळे येतात. रेषा खाचेच्या अलीकडे थोड्या अंतरावर सुरू होत असेल किंवा पूर्ण परिघावर पातळ असेल तर ती नेहमीच्या वापराची आहे. तिला नखाला लागेल असा खोल चर पडला असेल, किंवा खाचेची पलीकडची कड फुगून वर आली असेल, तर मात्र तो यांत्रिक प्रश्न आहे आणि तो बहुधा सिलिंडर वेगाने झटकून फिरवण्याच्या सवयीतून आलेला असतो.

टॉलरन्स एकावर एक कसे साठते

समजा चार भाग एका रांगेत बसतात आणि प्रत्येकाला मापात ±०.०५ मिलिमीटरची मुभा, म्हणजे टॉलरन्स, आहे. सगळे एकाच बाजूला कडेवर गेले तर एकूण फरक ±०.२० मिलिमीटर होतो. पण सगळेच एकाच वेळी कडेवर जाण्याची शक्यता कमी असल्यामुळे, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने काढलेला संभाव्य फरक ±०.१० मिलिमीटरच्या आसपास येतो. दोन सारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकाची फट दुसऱ्याच्या दुप्पट दिसली तरी दोन्ही ड्रॉइंगप्रमाणेच असू शकतात, ते या हिशेबामुळे. म्हणून मित्राच्या शस्त्राशी तुलना करून दोष ठरवू नये. कार्याची मर्यादा कोणती आहे ते पाहावे.

सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट

ही एक फट अशी आहे की जिच्यावर खरोखर वेळ खर्च करावा. सिलिंडर फिरायचा असेल तर त्याच्या तोंडात आणि बॅरलच्या मागच्या टोकात अंतर हवेच, आणि साधारणपणे ०.१० ते ०.२५ मिलिमीटर हे अंतर स्वीकारले जाते, ०.१५ च्या जवळपास असेल तर मी समाधानी असतो. फार कमी अंतर चांगले असा पुष्कळांचा समज आहे. पण सुमारे ३८ मिलिमीटर लांबीचा पोलादी सिलिंडर ६० अंशांनी तापला तर त्याची लांबी जवळजवळ २६ मायक्रॉनने वाढते, आणि त्यावर जळलेल्या दारूचा आणि शिशाचा थर बसतो. ज्या शस्त्रात अंतर ०.०५ मिलिमीटरच आहे ते दिव्याखाली सुंदर दिसते आणि तिसऱ्या-चौथ्या भरणीला घासू लागते. उलट अंतर फार मोठे असेल तर वायू बाजूने निसटून वेग घटतो. अंतर कितीही असले तरी फैर झाडताना या फटीच्या बाजूला बोट येता कामा नये, कारण तेथून तप्त वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात.

मोजताना सिलिंडर बोटाने मागे दाबून धरावा आणि अरुंद पात्याचे फीलर गेज घालावे. मग सिलिंडर पुढे दाबून पुन्हा मोजावे. दोन्ही मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा खेळ. नव्या शस्त्रात तो ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा, ०.१० च्या पुढे गेला तर गनस्मिथला दाखवावे. केवळ एकच माप घेतले आणि सिलिंडर कुठे टेकला होता ते नोंदवले नाही, तर ते माप निरुपयोगी आहे. बहुतेक वाद येथेच होतात, कारण एकाने ०.१२ म्हटलेले आणि दुसऱ्याने ०.२० म्हटलेले अंतर एकाच शस्त्राचे असते.

हे माप सहाही घरांसमोर घ्यावे. घरांवर सहज निघणाऱ्या कागदी पट्टीने १ ते ६ आकडे लावावेत. अंतर घरागणिक बदलत असेल तर सिलिंडरचे तोंड अक्षाला काटकोनात नाही किंवा अक्षाचा दांडा वाकलेला आहे. सहाही घरांसमोर अंतर सारखे, पण प्रत्येक वेळी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी असेल, तर बॅरलचे तोंड तिरके कापले आहे किंवा सिलिंडर धरणारी क्रेन नीट मिटत नाही. हा भेद लिहून नेला तर गनस्मिथचा अर्धा वेळ वाचतो.

आपल्याकडची बरीच ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या वळणाची, म्हणजे मधोमध मोडणारी आहेत. २०२३ च्या ‘प्रबळ’ या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाजूला निघतो. मोडणाऱ्या रचनेत क्रेन नसते, तेव्हा क्रेनजवळची फट हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. तेथे पाहायचे ते पुढची बिजागरी आणि वरची कडी. शस्त्र बंद करून, बॅरल एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून वर-खाली हलकेच दाब द्यावा. कडीपाशी हालचाल जाणवली किंवा टिकटिक ऐकू आली, तर काडतुसाच्या बुडामागचे अंतरही त्यासोबत बदलते आहे असे समजावे. बाहेरून अतिशय देखणे आणि कडीत सैल असे शस्त्र मी नाकारीन. झाकणपट्टीची रेघ जाड पण कडी पक्की असे शस्त्र आनंदाने घेईन.

फिरकीचा खेळ आणि वेळेवर अडकणे

हॅमर (काडतुसावर आघात घडवणारा मागचा भाग) मागे ओढलेला असताना सिलिंडर बोटाने डावीकडे-उजवीकडे किंचित हलतो, याची भीती सर्वांत जास्त वाटते. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये चाप दाबलेला असताना सिलिंडर तिजोरीसारखा घट्ट बसे, आणि म्हणून सगळीच रिव्हॉल्व्हर तशी असावीत असे वाटते. त्या रचनेत सिलिंडर फिरवणारा हँड त्या क्षणी सिलिंडरच्या मागच्या दात्यांवर दाब ठेवून असतो आणि त्या बदल्यात तो झिजतो, त्याची देखभालही लागते. इतर अनेक रचनांत थोडा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण गोळी बॅरलच्या शंकूसारख्या तोंडात शिरताना सिलिंडरला स्वतः मध्यावर यायला जागा मिळते. सिलिंडरच्या बाहेरच्या परिघावर ०.३ मिलिमीटर हालचाल दिसत असेल आणि घरांचे केंद्र दोन-तृतीयांश त्रिज्येवर असेल, तर घराची प्रत्यक्ष हालचाल ०.२ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ०.१ एवढीच होते. शंकूच्या तोंडाला तेवढे सांभाळता येते. खेळ सहाही घरांत सारखा असेल तर तो रचनेचा किंवा स्टॉपच्या रुंदीचा आहे. एकाच घरात जास्त असेल तर ती खाच पाहायला हवी.

खेळापेक्षा महत्त्वाची तपासणी निराळी आहे. सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका अडथळा ठेवून हॅमर अतिशय सावकाश मागे ओढावा. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी स्टॉप खाचेत पडल्याचा आवाज आला पाहिजे. हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून मोकळा राहिला तर तो उशिरा पोचतो आहे. सहाही घरे उशिरा पोचत असतील तर संशय हँडवर घ्यावा; फक्त चौथे घर उशिरा पोचत असेल तर त्या घराचा दाता झिजलेला किंवा कमी कापलेला आहे. हा दोष बाहेरून तिळमात्र दिसत नाही, आणि तोच गोळीला शंकूच्या कडेवर घासायला लावून बाजूने शिसे उडवतो.

पुन्हा पुन्हा अडकणारा सिलिंडर

आता मूळ तक्रारीकडे येऊ. सिलिंडर केव्हा अडकतो याची नोंद केली तर कारण बहुतेक वेळा समोर येते. रिकामा असतानाही अडकत असेल तर पुढचे अंतर, वाकलेला दांडा किंवा न मिटलेली क्रेन पाहावी. रिकामा आणि डमी काडतुसांसह मोकळा, पण खऱ्या काडतुसांसह पहिल्याच फेरीत अडकत असेल तर काडतुसाची कडा जाड आहे, प्रायमर (बुडातली पेट घेणारी टोपी) वर आलेला आहे किंवा घरात घाण आहे. अशा वेळी काडतुसाच्या बुडावरची खूण, उदाहरणार्थ खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’, आणि पेटीवरचा लॉट लिहून ठेवावा. काही फैरींनंतर अडकत असेल आणि घासल्याची चमक सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर असेल, तर पुढचे अंतर कमी आहे.

पण सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, ताऱ्यासारख्या तुकड्याखाली असते. रिकामी काडतुसे बाहेर ढकलताना न जळलेल्या दारूचे दोन-चार कण ताऱ्याच्या मागे पडतात, तारा परत बसताना ते त्याच्याखाली चिरडले जातात, आणि तारा केसभर वर राहतो. त्याच्यासोबत काडतुसाची बुडे मागे येतात आणि फ्रेमच्या मागच्या भिंतीला घासतात. वरवर पुसले की एखादा कण निघतो, सिलिंडर मोकळा होतो, आणि पुढच्या भरणीला नवे कण तेथे जातात; म्हणून अडचण ‘परत’ येते. तारा पूर्ण वर ढकलून त्याची खालची बाजू आणि त्याची बैठक कोरड्या ब्रशने साफ करावी. तेथे तेल लावू नये, कारण तेल कणांना धरून ठेवते. बाजूला सिलिंडर निघणाऱ्या रचनेत रिकामी काडतुसे काढताना बॅरलचे तोंड सुरक्षित दिशेला पण वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे कण काडतुसांबरोबर खाली पडतात. मोडणाऱ्या रचनेत तारा उघडताना आपोआप उचलला जातो, तेव्हा प्रत्येक भरणीआधी ब्रशचा एक फटका देणे हाच उपाय.

सिलिंडर उघडायलाच जड जात असेल आणि रचना बाजूला निघणारी असेल, तर एक्स्ट्रॅक्टरचा दांडा आटे सुटून थोडा बाहेर आला आहे का ते पाहावे. तो बोटांनी सहज फिरत असेल तर कारण सापडले. पण पक्कडीने आवळू नये, कारण काही रचनांत आटे उलटे असतात आणि दांडा वाकला की वर सांगितलेला घरागणिक बदलणारा अंतराचा दोष नव्याने निर्माण होतो. उघडलेला सिलिंडर सावकाश फिरवून दांड्याचे टोक डुलते का हे पाहणे ही त्याची साधी परीक्षा.

पुण्यात आणखी एक कारण ऋतूचे आणि साठवणुकीचे आहे. निवडणुकीच्या काळात जमा केलेले किंवा घरी कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेले शस्त्र परत वापरताना जड चालते, कारण जुने तेल चिकट झालेले असते. जून ते सप्टेंबर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेल्या शस्त्रावर तर गंजाचे ठिपके हमखास येतात. चामडे ओल धरते. होल्स्टर वेगळे आणि शस्त्र वेगळे ठेवावे.

एका दिसण्यातल्या दोषाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. शस्त्र मागून, मूठ सरळ धरून पाहिले असता पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, उजवीकडे किंवा डावीकडे कललेली दिसली, तर बॅरल फ्रेममध्ये कमी किंवा जास्त आवळले गेले आहे. मोडणाऱ्या रचनेत हा प्रश्न सहसा नसतो. स्थिर माशी असलेल्या शस्त्रात गोळ्या एका बाजूला जातील आणि ते मालकाला दुरुस्त करता येणार नाही. असे शस्त्र ताबा घेण्याआधीच विक्रेत्याकडे ठेवून यावे.

गनस्मिथकडे किंवा निर्मात्याकडे तक्रार पाठवताना ‘फिटिंग सैल आहे’ असे लिहू नये. सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून सहाही घरांसमोर आलेली मापे, कोणते घर उशिरा पोचते, अडकणे रिकाम्यावर होते की भरलेल्यावर आणि कितव्या फैरीनंतर, काडतुसांचा लॉट, आणि तारा साफ केल्यावर फरक पडला का, एवढे एका कागदावर लिहून शस्त्रासोबत द्यावे, आणि त्याची प्रत परवान्याच्या कागदांसोबत ठेवावी, म्हणजे दुरुस्तीनंतर तीच मापे पुन्हा घेऊन नेमके काय बदलले हे ताडता येते.